संयमाची जनुके : रक्तातील पूरक प्रथिनांविषयी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत जयेंद्रगंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि ग्वाल्हेरचा इतिहास यांना अग्रस्थान मिळावे हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या पंगतीला रक्तातील प्रथिनांना बसविण्याचे धाडस कार्यकारी मंडळाने केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय वरकरणी रूक्ष आहे. तथापि त्याचा संबंध देवीच्या रोगाशी आहे, पुण्यातील एका प्रयोगशाळेशी आहे, आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘आमच्याकडे अशी सूज येतेच’ एवढे म्हणून गप्प बसतात, त्या घरांशीही आहे.

प्रारंभ पटकीच्या जंतूंपासून करावा लागतो. १८९५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे या तरुण बेल्जियन डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. पटकीची लस टोचलेल्या जनावराचा रक्तरस जंतूंना विरघळवून टाकतो, हे तेव्हा माहीत झाले होते. तो रक्तरस ५६ अंश सेल्सियसपर्यंत अर्धा तास तापविला की त्याचे सामर्थ्य नष्ट होते. मात्र त्यात लस न टोचलेल्या जनावराचा थोडा ताजा रक्तरस घातला, की गेलेले सामर्थ्य परत येते. म्हणजे जंतुनाशाचे काम दोन द्रव्ये मिळून करीत होती. त्यांपैकी एक लसीमुळे निर्माण झालेले व उष्णता सोसणारे, तर दुसरे जन्मतःच प्रत्येकाच्या रक्तात असणारे व उष्णतेने नासणारे. पहिल्याला आज आपण प्रतिपिंड म्हणतो. दुसऱ्याला पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने जे नाव दिले, त्याचा आपल्या परिभाषेतील पर्याय ‘पूरक’ असा आहे. बोर्दे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नाव जरा फसवे आहे. पूरक म्हटले की दुय्यम असा समज होतो. वस्तुतः उत्क्रांतीच्या इतिहासात ही व्यवस्था प्रतिपिंडांहून कितीतरी जुनी आहे. ती एका द्रव्याची नसून अनेक प्रथिनांची साखळी आहे व त्यांपैकी बहुतेक यकृतात तयार होतात. प्रमुख घटकांना सी-१ ते सी-९ असे क्रमांक आहेत. परंतु क्रमांक लागत गेले ते शोधांच्या ओघात. त्यामुळे प्रत्यक्ष कामाचा क्रम एक, चार, दोन, तीन आणि मग पाच असा पडतो, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यामुळे हैराण झाल्या आहेत. एक घटक जागा झाला की तो पुढच्याला कापून जागा करतो. अखेरीस सी-९चे रेणू कडे करून जंतूच्या आवरणाला भोक पाडतात. भोकाचा व्यास मिलिमीटरचा सुमारे एक लक्षांश, पण जंतूच्या मरणाला तेवढे पुरेसे होते.

या साखळीचा कणा म्हणजे सी-३. एक लिटर रक्तद्रवात तो साधारण एक ग्रॅम असतो. त्याचे वैशिष्ट्य असे की, जंतू असो वा नसो, त्याचे थोडेथोडे रेणू सतत आपोआप जागे होत राहतात आणि जागा झालेला तुकडा क्षणार्धात जवळच्या कोणत्याही पृष्ठभागाला चिकटतो. तो पृष्ठभाग जंतूचा आहे की आपल्याच मूत्रपिंडातील रक्तवाहिनीचा, हे त्याला ओळखता येत नाही. मग आपण जिवंत कसे राहतो? या प्रश्नाचे उत्तर मारणाऱ्या प्रथिनांत सापडत नाही, ते आवरणाऱ्या प्रथिनांत सापडते. आपल्या पेशींच्या अंगावर सीडी-५५, सीडी-४६, सीडी-५९ अशी प्रथिने पहाऱ्याला असतात. रक्तात फॅक्टर एच नावाचे प्रथिन फिरत असते. आपल्या पेशींवरील विशिष्ट शर्करा ते ओळखते आणि तेथे चिकटलेल्या सी-३च्या तुकड्याला निकामी करविते. जंतूच्या अंगावर बहुधा असे रक्षक नसतात, म्हणून तो मरतो. आप-पर भाव ठरतो तो असा, आवर घालणारा कोठे आहे आणि कोठे नाही यावरून.

या आवर घालणाऱ्यांपैकी बहुतेकांची जनुके आपल्या पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर एकाच वस्तीत शेजारी शेजारी नांदतात. त्यांची घडणही एकाच घराण्याची आहे. सुमारे साठ अमिनो आम्लांचा एक मणी पुन्हापुन्हा ओवून माळ करावी, तशी ही प्रथिने आहेत. सीडी-५५ व सीडी-४६ यांत असे चार मणी, तर फॅक्टर एचमध्ये वीस. एका मूळ जनुकाच्या प्रती होत होत हे कुटुंब वाढले, हे त्यावरून उघड होते.

आता देवीकडे वळतो. सभागृहातील वडीलधाऱ्यांच्या दंडावर लसीची खूण असेल. देशात या रोगाचे शेवटचे रुग्ण १९७५ साली आढळले, १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० साली जग. रोग गेला, पण त्याचा विषाणू माणसाला इतका घातक का होता, हे कोडे मागे राहिले. १९८८ साली गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. देवीच्या लसीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया विषाणू एक प्रथिन बाहेर सोडतो आणि त्याची घडण चार मण्यांच्या माळेची असते! विषाणूने आपल्याच जातीच्या रक्षकाचे सोंग घेतले होते. पहारेकऱ्याचा गणवेश चोरणाऱ्या या चोराला एका कोतवालांनीच पकडावे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

प्रत्यक्ष देवीच्या विषाणूकडेही असेच प्रथिन असावे, असे त्याच्या जनुकांच्या वाचनावरून दिसत होते. तो विषाणू आता जगात दोनच ठिकाणी, अमेरिकेत व रशियात, कडेकोट बंदोबस्तात आहे. म्हणून २००२ साली अमेरिकन संशोधकांनी त्याला हात न लावता, लसीच्या विषाणूच्या जनुकात आवश्यक ते बदल करून ते प्रथिन घडविले. दोन्ही प्रथिनांत फरक अवघ्या ११ अमिनो आम्लांचा, पण मानवी सी-३च्या जागृत तुकड्याला निकामी करण्यात देवीच्या विषाणूचे प्रथिन जवळजवळ शंभरपट प्रभावी ठरले. पुण्यात, विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथे अरविंद साहू व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जागा एकेक करून बदलून पाहिल्या व त्यांपैकी मोजक्याच निर्णायक असल्याचे २००८ साली दाखविले. त्याआधी २००३ साली याच गटाने कापोसी नावाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूतील अशाच प्रथिनाचा अभ्यास करून त्याला ‘कापोसिका’ असे नाव दिले होते.

साहू यांचे आणखी एक काम आपल्यासारख्या ग्रंथप्रेमींना सांगितलेच पाहिजे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना त्यांनी जॉन लॅम्ब्रिस यांच्यासमवेत सी-३ला अडविणारा रेणू शोधला. तो सापडला एका ‘ग्रंथालयात’! अमिनो आम्लांचे असंख्य लहान तुकडे यदृच्छेने तयार करून त्यांच्या संग्रहातून हवा तो निवडायचा, या पद्धतीला शास्त्रज्ञ ग्रंथालयच म्हणतात. फक्त त्याला सूची नसते, प्रत्येक ‘ग्रंथ’ सी-३ला चिकटतो का ते पाहावे लागते. १९९६ साली प्रसिद्ध झालेला हा १३ अमिनो आम्लांचा रेणू म्हणजे कॉम्प्स्टॅटिन. त्यापासून विकसित झालेल्या औषधाला २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्यांच्या तांबड्या पेशींवर सीडी-५५ व सीडी-५९ हे रक्षक बसत नाहीत आणि म्हणून स्वतःचेच पूरक ज्यांचे रक्त फोडते, अशा रुग्णांसाठी ते आहे.

रक्षक जन्मतःच सदोष असला तर काय होते? फॅक्टर एचच्या ४०२व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असेल तर म्हातारपणी दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजण्याची शक्यता वाढते, असे २००५ साली निदर्शनास आले. भारतात मुलांची गोष्ट अधिक निकडीची आहे. फॅक्टर एचच्या शेजारची जनुके त्याच्याशी इतकी सारखी आहेत की, प्रती होताना त्यांपैकी एखादे जोडपे गळून पडते. एरवी हे गळणे निरुपद्रवी असते. मात्र अशा काही मुलांच्या शरीरात फॅक्टर एचविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात, रक्षक बंदिस्त होतो आणि मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या गुठळ्यांनी भरतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०१४ साली देशभरातील २४६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक मुलांत ही प्रतिपिंडे होती. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण पुष्कळच कमी आढळते. ताप वा जुलाबानंतर शाळकरी मूल एकाएकी पांढरेफटक पडले, लघवी कमी झाली, चेहरा सुजला, तर दिवस मोजत बसू नये. रक्तद्रव बदलण्याचा उपचार वेळेवर झाला आणि सोबत प्रतिपिंडे दाबणारी औषधे मिळाली, तर मूत्रपिंडे वाचू शकतात.

आता त्या सुजेच्या घरांकडे येतो. सी-१ला आवर घालणाऱ्या प्रथिनाचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी रोग होतो, म्हणून आई किंवा वडील यांपैकी एकास असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. ओठ, हात, पोट, क्वचित घसा अचानक सुजतो आणि दोन-चार दिवसांनी सूज ओसरते. घसा सुजला तर श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. आतडे सुजले तर पोटदुखी इतकी तीव्र असते की अकारण शस्त्रक्रियाही होतात. या सुजेला खाज नसते, अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत, आणि ॲलर्जीच्या गोळ्यांचा वा इंजेक्शनांचा उपयोग होत नाही, कारण ती वेगळ्याच द्रव्यामुळे येते. तरीही वर्षानुवर्षे निदान ॲलर्जीचेच होत राहते, आणि घरात कोणी तरुण वयात गुदमरून गेला तर त्याचे खापर देवदेवस्कीवर फुटते.

निदानाची पहिली पायरी मात्र साधी आहे. आवर सुटलेला सी-१ रक्तातील सी-४ सतत खर्ची घालतो. त्यामुळे सूज नसतानाही बहुतेक रुग्णांत सी-४ कमी आढळतो व ही तपासणी फार खर्चिक नाही. पुढची, प्रत्यक्ष जनुकाची, तपासणी मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. डॅनॅझोल हे जुने औषध यकृताकडून या प्रथिनाचे उत्पादन वाढवून घेते. स्त्रियांना व मुलांना ते जपून द्यावे लागते आणि गरोदरपणात मुळीच चालत नाही. घसा सुजू लागल्यास मात्र गोळीची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे, आणि तेथील डॉक्टरांना दोन गोष्टी पहिल्याच वाक्यात सांगाव्यात. सूज खाजेवाचून आली आहे, आणि घरात आणखी कोणाला अशी येते.