राणीचा मलमली झगा

कुणा प्रसिद्ध स्त्रीने कोणत्या समारंभास काय परिधान केले, ती गेल्या वर्षापेक्षा स्थूल दिसते की कृश, तो रंग तिच्या वयाला शोभतो की नाही, या चर्चेसाठी लोकांना कधी निमंत्रण लागत नाही. ही नुसती करमणूक आहे, तिने कुणाचे काही बिघडत नाही, असा सर्वसाधारण समज असतो. तो समज तपासून पाहावयाचा तर दोनशे चाळीस वर्षे मागे, पॅरिसमधील एका भिंतीकडे वळावे लागते.

१७८३ सालच्या ऑगस्टअखेर लूव्र राजवाड्यात चित्रांचे प्रदर्शन भरले. दोन वर्षांतून एकदा भरणाऱ्या या प्रदर्शनास सरदार-दरकदारांपासून भाजीवालीपर्यंत कुणीही येत असे. एलिझाबेथ विजे-लब्रँ ही तरुण चित्रकर्ती त्याच वर्षी मे महिन्यात राजाच्या चित्रकला अकादमीची सदस्य झाली होती आणि तिने काढलेली राणी मारी आंत्वानेतची तसबीर तेथे मांडली होती. राणीच्या हातात गुलाबाचे फूल होते, डोक्यावर गवती हॅट होती, आणि अंगात पांढऱ्या मलमलीचा एक सैल झगा होता. गळ्याशी चुण्या, कमरेला रुंद पट्टा, बस्स! ना हिरे, ना मोती, ना जरतार.

लोक चित्रापुढे थबकले आणि कुजबुजू लागले. राणीने आतल्या कपड्यांवर चित्र काढवून घेतले, असे कुणी म्हणाले. दासीही याहून बऱ्या वेषात बाहेर पडते, असे दुसरे कुणी म्हणाले. कुजबुजीचा गलका झाला आणि ते चित्र भिंतीवरून उतरवावे लागले. चित्रकर्तीने दुसरी तसबीर सिद्ध केली. तीत तोच चेहरा, तीच ऐट, तोच गुलाब; परंतु झगा निळसर रेशमाचा, त्याला किनारीची लेस, गळ्यात मोत्यांचे सर. ही दुसरी तसबीर आज व्हर्सायच्या राजवाड्यात पाहावयास मिळते. तिच्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नव्हती.

त्या मलमली झग्याला पुढे लोकांनी जे नाव दिले, त्यातच अर्धी निंदा भरली होती. फ्रेंच भाषेत 'शमीज' म्हणजे अंगाला लागून असणारे आतील वस्त्र. मराठी घरांतून मुलींच्या झग्याखालच्या कपड्याला जो शब्द रुळला, तो याच मूळचा. या झग्यास 'राणीची शमीज' असे म्हणण्यात येऊ लागले. वस्तुतः तो झगा पायघोळ होता, त्याच्या बाह्या मनगटाकडे उतरत्या होत्या. दरबारी पोशाखाचा गळा याहून कितीतरी अधिक खोल असे. तेव्हा अंग दिसले, ही तक्रार मुळात खरी नव्हतीच.

मग तक्रार कशाची होती? ते समजण्यासाठी या स्त्रीच्या अंगावर पहिल्यापासून कुणाकुणाचा अधिकार होता, हे पाहिले पाहिजे.

ती १७७० साली ऑस्ट्रियाहून फ्रान्सला सून म्हणून आली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या देहाचे निरीक्षण त्या दिवसापासून सुरू झाले. देवमाशाच्या जबड्यातील पट्ट्या घालून ताठ केलेली दरबारी काचोळी तिला जाचत असे. ती घालण्यास तिने नकार दिला, तर त्या नकाराची वार्ता परराष्ट्रव्यवहाराच्या टपालातून व्हिएन्नास पोहोचली. मुलीची अंगलट बिघडेल या काळजीने आई मारिया तेरेझा, म्हणजे साक्षात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, पत्रांवर पत्रे लिहू लागली. चौदा वर्षांच्या मुलीची काचोळी हा दोन राष्ट्रांमधील प्रश्न झाला!

राणीच्या शयनगृहातील सेविका मादाम कांपाँ हिच्या आठवणी १८२२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतील हिवाळ्यातील एका सकाळची हकीकत प्रसिद्धच आहे. राणीला तिची शमीज कुणी द्यावयाची हा मानाचा प्रश्न असे. खोलीत जी सर्वांत थोर कुळातील स्त्री हजर असेल, तिचाच तो हक्क. त्या सकाळी राणी विवस्त्र उभी होती आणि कांपाँ शमीज उलगडून देण्याच्या बेतात होती. इतक्यात मानाची मुख्य सरदारीण आली. तिने हातमोजे काढून ती घेतली. तोच दारावर नखांचा आवाज झाला. ऑर्लेआँची डचेस आत आली. वस्त्र रीतीप्रमाणे परत कांपाँकडे आणि तिच्याकडून डचेसकडे गेले. पुन्हा दार वाजले. आता खुद्द राजाची भावजय आली आणि वस्त्राने पुन्हा हात बदलले. तोवर राणी दोन्ही हात छातीशी धरून थंडीने काकडत होती. भावजयीला तिची दया आली. हातमोजे काढण्यात वेळ न घालवता तिने ती शमीज राणीच्या अंगात घातली आणि तसे करताना तिचे केस विस्कटून टाकले. राणीने हसून वेळ मारून नेली. पण पुटपुटलेले वैतागाचे शब्द सेविकेच्या कानी पडलेच.

१७७८ सालच्या डिसेंबरात पहिले मूल झाले तेही भरगच्च खोलीत. वारसाची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रसूतीस साक्षीदार असावेत, असा तेथील शिरस्ता होता. गर्दीने आणि कोंदट हवेने राणीची शुद्ध हरपली, तेव्हा खिडक्या उघडाव्या लागल्या. लग्नानंतर आठ वर्षांनी हे मूल झाले होते, आणि त्या आठ वर्षांत तिच्या कुशीविषयी रस्त्यावर विकली गेली नाहीत अशी चोपडी थोडी होती.

ज्या देहावर स्वतःचा एवढाही ताबा नाही, त्यावर काय घालावे एवढे तरी आपण ठरवावे, असे त्या तरुण राणीस वाटले असल्यास नवल नाही. पहिल्यांदा ती उलट्या टोकास गेली, हेही सांगितले पाहिजे. रोझ बेर्तँ ही पॅरिसची कपडेवाली आणि लेओनार हा केशभूषाकार, या दोघांना हाताशी धरून तिने जे मनोरे डोक्यावर उभारले, त्यांची वर्णने वाचून आजही हसू येते. १७७४ साली नव्या राजाने देवीची टोचणी करून घेतली, तर त्या प्रसंगाची केशभूषा निघाली. तीत सर्प होता, उगवता सूर्य होता, फळांनी लगडलेला ऑलिव्हचा वृक्ष होता. आणि हे सारे डोक्यावर! आईने १७७५ साली पत्रातून कान उपटले: तीन फूट उंच केस आणि त्यावर ही पिसे-फिती, हे काय चालले आहे? मुलीने उत्तर पाठवले की येथे सगळ्याच जणी पिसे लावतात. वयात आलेल्या लेकीने आईस नेहमी द्यावयाचे ते हे उत्तर. फरक इतकाच की ही लेक फ्रान्सची राणी होती. तिचे पाहून घरोघरच्या तरुण स्त्रिया तशीच मागणी करू लागल्या आणि राणी सर्व बायकांना भिकेस लावणार, अशी ओरड नवरे आणि आया करू लागल्या.

कपड्यांसाठी तिला वर्षाकाठी १,२०,००० लिव्र ठरवून दिलेले होते. १७८५ साली खर्च त्याच्या दुपटीवर गेला. तिच्या वस्त्रागाराची १७८२ सालची वही पॅरिसच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपून ठेवलेली आहे. प्रत्येक पोशाखाच्या कापडाचा बोटभर तुकडा तीत चिकटवलेला दिसतो. रोज सकाळी अशी वही राणीपुढे येई, आणि त्या दिवशी जे पोशाख हवेत तेथे ती टाचणी टोचीत असे. ज्या देशात पावाच्या भावावरून दंगे होत, तेथे ही वही म्हणजे गुन्ह्याचा पुरावा वाटावी, यात अन्याय काही नाही.

परंतु गोष्ट येथेच वळण घेते. मुले झाल्यावर तिचे केस विरळ होऊ लागले. लेओनारने ते आखूड कापले आणि मनोरे गेले. त्रियानाँच्या लहानशा बंगल्यात ती राहू लागली, तेथे दरबारी रीतिरिवाजांना प्रवेश नव्हता. पोशाख साधा झाला. उधळपट्टीबद्दल जे तिला दूषणे देत होते, त्यांना आता समाधान वाटावयास हवे होते. झाले उलटेच. रेशमाला फाटा दिला म्हणून लियाँ शहरातील विणकरांचा धंदा बुडणार, अशी आवई उठली. मलमल त्या काळी बहुतांशी हिंदुस्थानातून, विशेषतः बंगालमधून, युरोपात जाई, आणि तो व्यापार मुख्यतः इंग्रजांच्या हाती होता. म्हणजे फ्रान्सची राणी शत्रूच्या तिजोरीत भर घालते! आणखी कुणी सांगू लागले की सुती-तागी कापडाची ही हौस तिच्या भावाच्या, ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या, बेल्जियमातील मागवाल्यांना पोसण्यासाठी आहे. ढाक्याच्या अनाम विणकराने विणलेले हातभर कापड एका राणीला देशद्रोही ठरवण्यास पुरे पडले. रेशीम ल्याली तर उधळी, मलमल ल्याली तर परकी. तिसरे वस्त्र कोणते, हे मात्र कुणी सुचविल्याचे आढळत नाही.

दरबारी लोकांचा राग याहून निराळा होता. रेशमी पोशाखाला माणसे लागत. तो चढवण्याचे मान वाटलेले होते, आणि त्या मानांवर घराणी जगत होती. मलमलीचा झगा डोक्यावरून घातला, पट्टा बांधला, की काम झाले. सकाळच्या त्या शमीजसाठी दारावर नखे वाजवणाऱ्या सरदारणींना या झग्याने निरुद्योगी करून टाकले.

या झग्याचा खरा घात पुढल्याच वर्षी झाला. झान द ला मॉत नावाच्या एका कारस्थानी बाईने कार्डिनल रोआँ या बड्या धर्माधिकाऱ्यास असे भासविले की राणीची त्याच्यावर गुप्त मर्जी बसली आहे. १७८४ च्या ऑगस्टमधील एका रात्री व्हर्सायच्या बागेत तिने राणीची भेट ठरवली. राणी कोठून आणणार? पॅरिसमधील निकोल नावाची, चेहऱ्याने राणीशी थोडेबहुत साम्य असलेली एक मुलगी तिने गाठली आणि तिला पांढऱ्या मलमलीचा झगा घातला. काळोखात तेवढे पुरले. राणी असाच झगा घालते, हे आता अवघ्या पॅरिसला ठाऊक होते. कार्डिनलने झग्यास मुजरा केला आणि पुढे राणीच्या नावाने १६ लाख लिव्रचा हिऱ्यांचा हार सराफांकडून घेऊन त्या टोळीच्या हाती दिला. हार मोडून हिरे विकले गेले. राणीने तो हार पूर्वी नाकारला होता, आणि या कारस्थानाची तिला गंधवार्ताही नव्हती.

१७८५ साली, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, मिस्सेच्या पोशाखात सिद्ध असलेल्या कार्डिनलला अटक झाली. खटला चालला आणि ३१ मे १७८६ रोजी तो निर्दोष सुटला. न्यायालयाने अर्थातच तसे शब्द वापरले नाहीत, पण निकालाचा अर्थ सर्वांना कळला: मलमली झग्यात वावरणारी राणी मध्यरात्री बागेत परपुरुषास भेटेल, असे एखाद्याने मानले तर त्यात वावगे काय? हार कुणी चोरला हे बाजूस राहिले. राणीची अब्रू मात्र गेली.

१७८७ साली त्याच चित्रकर्तीने राणीचे आणखी एक मोठे चित्र काढले. या वेळी लाल मखमलीचा भारी पोशाख, तीन मुले आणि एक रिकामा पाळणा होता. अकरा महिन्यांची धाकटी मुलगी जूनमध्ये वारली होती. लोक खवळतील या भीतीने चित्र प्रथम लावलेच नाही. भिंतीवर नुसती रिकामी चौकट राहिली. ती पाहून कुणी म्हणाले, ही पाहा तूट! राणीला 'मादाम तूट' हे नाव त्या वेळी सर्वांच्या तोंडी होते.

तूट खरी होती, पण ती कोठे होती? १७८८ सालच्या राज्याच्या खर्चात सगळ्या दरबाराचा मिळून वाटा सुमारे ६ टक्के होता. निम्मी रक्कम कर्जाचे व्याज फेडण्यात जात होती, आणि त्या कर्जाचा मोठा भाग युद्धांचा होता. राजाचा धाकटा भाऊ आर्त्वा याने १७७७ साली वहिनीशी पैज मारून पॅरिसजवळ बागातेल हा बंगला सुमारे दोन महिन्यांत उभा केला होता. त्याच्या वाकांपरीचे चित्र कुणी भिंतीवरून उतरविले नाही. हाच आर्त्वा पुढे १८२४ साली फ्रान्सच्या गादीवर बसला. आणि मलमल? क्रांतीची धुमश्चक्री ओसरताच पॅरिसच्या उच्चभ्रू स्त्रिया पांढऱ्या मलमलीचे झगे घालून, तेही पुष्कळच तोकड्या बाह्यांचे, मेजवान्यांना जाऊ लागल्या होत्या. लियाँच्या विणकरांची आठवण तेव्हा कुणास झालेली दिसत नाही.

ते पाहण्यास राणी उरली नव्हती. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सकाळी तिला वधस्तंभाकडे नेण्यात आले. पतीच्या मृत्यूनंतर ती काळा वेष घालीत होती, परंतु त्या दिवशी तो घालण्यास मनाई झाली. म्हणून ती पांढऱ्या झग्यात गेली. तत्पूर्वी कोठडीत तिला आतील वस्त्र बदलावयाचे होते. रोझाली नावाची तुरुंगातील मोलकरीण जवळ होती. पुढे तिनेच हे सांगितले. पहाऱ्यावरील शिपाई मान वळवीना. राणीने त्याला विनवले. तो म्हणाला, नजर काढण्याचा हुकूम नाही. तेव्हा पलंग आणि भिंत यांच्यामधील बोळात राणी वाकून उभी राहिली आणि रोझाली तिच्या आणि शिपायाच्या मध्ये उभी राहिली. आजारपणाने डागाळलेली शमीज राणीने काढली, तिची घट्ट गुंडाळी केली, आणि भिंतीत एक फट दिसली तीत ती खोलवर दडवून ठेवली.