आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे
(पुण्यातल्या सभेत केलेलं भाषण)



पाड्यावरून पोलिसांनी कुणाला नेलं, की सांजेपर्यंत गावभर होतं, ‘त्यानं गुन्हा केला.’ मग तो ग्रामसभेला यायचा बंद होतो, आपणही बोलवत नाही. जमिनीचा दावा तिथंच थंड पडतो. म्हणून आज या ‘आरोपी’ शब्दावरच बोलतो.

याच पुण्यात, विश्रामबाग पोलीस ठाण्यात, 8 जानेवारी 2018 ला एल्गार परिषदेचा गुन्हा दाखल झाला. 6 जूनला महेश राऊत यांना धरलं. गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर तेंदूपानाचं, वनहक्काचं काम करणारा कार्यकर्ता. आधी येरवडा, मग तळोजा. झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी झटणाऱ्या स्टॅन स्वामींना ऑक्टोबर 2020 मध्ये नेलं. हात थरथरायचे, पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला! 5 जुलै 2021 ला कोठडीत असतानाच मुंबईच्या दवाखान्यात गेले, वय 84. महेशना सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयानं जामीन दिला, त्याला स्थगिती मिळाली, ते आतच राहिले. अटकेला पाच वर्षं झाली होती आणि खटला उभाच राहिला नव्हता. कोर्टानं दोषी म्हटलं नाही, तरी तुरुंग भोगून झाला.

आता नीट ऐका. गुन्हा दाखल म्हणजे कुणीतरी सांगितलं आणि पोलिसानं लिहून घेतलं. मग तपास, मग दोषारोपपत्र. तेही पोलिसांचंच म्हणणं. त्याची नक्कल आरोपीला फुकट मिळते, मागून घ्या. पुढं न्यायाधीश आरोप ठेवतात, वाचून समजावतात आणि विचारतात, ‘कबूल आहे का?’ इथं आपली माणसं फसतात. साहेब मोठा, भाषा मोठी, म्हणून नुसती मान हलवतात. समजलं नसेल तर ‘समजलं नाय’ म्हणा, लाज कसली? अटक झाली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावंच लागतं. आणि आदिवासी माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत.

जंगलखात्याची तऱ्हा वेगळी. गार्ड म्हणतो, ‘दंड दे, मिटवतो.’ भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 68 मध्ये पैसे घेऊन गुन्हा मिटवायची सोय आहे खरी, पण तो अधिकार रेंजरच्या खालच्याला नाही. गार्डाच्या मुठीत दिलेल्या पैशानं काहीच मिटत नाही, पुढल्या पावसाळ्यात तो परत येतो. भरायचाच असेल तर पावती घेऊन भरा.

ह्या पावत्या टाकू नका. जुन्या अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्याच पुढं ‘ही जमीन आम्ही तेव्हापासून कसतोय’ हे दाखवायला कामी आल्यात. ज्या कागदानं बापाला आरोपी केलं, तोच पोराच्या दाव्याला लागतो. घरी गेलात की पत्र्याची पेटी उघडा. आज्याच्या नावाची पावती सापडली तर पुढच्या ग्रामसभेला घेऊन या. ज्यांच्या कोर्टात तारखा चालू आहेत त्यांनाही बरोबर आणा, त्यांचे कागद तिथंच वाचू.

जोहार!