मेणबत्तीची साक्ष आणि हवेचा हिशेब

उष्णतेनें हवा प्रसरण पावते व थंड झाली म्हणजे आकुंचन पावते, हें वाक्य आपणांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत पाठ केलेलें असेल. पाठ केलेलें वाक्य परीक्षेपुरतें उपयोगी पडतें. परंतु तें स्वतःच्या डोळ्यांनीं पडताळून पाहिलेलें नसेल, तर जेथें त्याची खरोखर गरज असते तेथें तें आठवत नाहीं. याचा एक ठळक दाखला शाळाशाळांतून दरसाल घडत असतो. जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालून हवेंत प्राणवायु एक पंचमांश असतो असें सिद्ध करण्याचा जो सुप्रसिद्ध प्रयोग आहे, त्यांत पेल्यांत चढणारें पाणी बव्हंशीं हवेच्या आकुंचनामुळें चढतें. श्रेय मात्र प्राणवायूला मिळतें. हवेचें आकारमान उष्णमानाबरोबर किती बदलतें हें आधीं मोजून पाहावें आणि मग त्या मेणबत्तीची साक्ष तपासावी, असा आजच्या भाषणाचा क्रम मीं योजिला आहे.

प्रारंभ अगदीं साध्या प्रयोगानें करूं. आंतून कोरडी अशी एक रिकामी काचेची बाटली घ्या व तिच्या तोंडावर मुलांचा रबरी फुगा ओढून बसवा. ही बाटली प्रथम कोमट व मग कढत पाण्याच्या पातेल्यांत उभी धरली, कीं लुळा पडलेला फुगा हळूहळू मान वर काढतो. ती उचलून थोडी निवूं दिली व मग गार पाण्यांत ठेवली, कीं तो पुन्हा मान टाकतो. बाटलींत कोणी हवा भरली नाहीं, कीं तींतून काढली नाहीं. हवा होती तेवढीच आहे. तिनें व्यापलेली जागा मात्र कमी-अधिक झाली. येथें ‘कोरडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाटलींत चार थेंब पाणी राहिलें तर त्याची वाफ होते, आणि वाफेचा फुगवटा हवेच्या फुगवट्यांत मिसळून जातो. विस्तवावरचा फुलका टम्म फुगतो तो मुख्यतः कणकेंतील पाण्याच्या वाफेनें. त्यावरून कोणी हवेचा हिशेब करूं जाईल तर तो फसेल.

आतां हा बदल किती, तें पाहूं. दाब कायम ठेवला, तर शून्य अंश सेल्सिअसला वायूचें जें आकारमान असतें त्याचा सुमारें २७३ वा भाग दर अंशागणिक वाढतो किंवा घटतो. म्हणजे शून्य अंशाला २७३ भाग असलेली हवा २७ अंशांना ३०० भाग होते, आणि १०० अंशांना ३७३ भाग होते. मौज अशी, कीं हवा घ्या, प्राणवायु घ्या, अथवा उज्ज वायु म्हणजे हायड्रोजन घ्या, हा हिशेब जवळजवळ एकच येतो. लोखंड, तांबें, काच हे पदार्थ तापले म्हणजे प्रत्येक आपल्या प्रमाणानें वाढतो. वायूंनीं मात्र आपसांत एकच नियम पाळावा, हें सृष्टीचें एक मोठें नवल आहे.

हा नियम शाळेंतल्या शाळेंत मोजून पाहतां येतो. अर्धा लिटर मावेल असा, उष्णता सोसणाऱ्या काचेचा एक कोरडा चंबू घ्यावा. त्याला घट्ट बूच बसवून बुचांतून काचेची बारीक नळी घालावी, नळीच्या वरच्या टोकास रबरी नळीचा तुकडा जोडावा आणि त्या तुकड्यावर एक चिमटा अडकवावा. चिमटा उघडा ठेवून चंबू गळ्यापर्यंत उकळत्या पाण्यांत दहा मिनिटें बुडवून धरावा. चिमटा उघडा ठेवण्यास विसरूं नये; कोंडलेली हवा तापविणें धोक्याचें आहे. आंतील हवा तापून तिचा वाढावा बाहेर निघून जातो. मग चिमटा लावावा, चंबू फडक्यानें धरून बाहेर काढावा, थोडा निवूं द्यावा, आणि गार पाण्याच्या बादलींत उलटा करून, नळीचें तोंड पाण्याखालीं असतांना, चिमटा सोडावा. पाणी चंबूंत आपसूक वर धांवतें. पुरता निवाल्यावर चंबू वर-खालीं करून आंतील व बाहेरील पाण्याची पातळी एक करावी, चिमटा लावावा, आणि आंत शिरलेलें पाणी मापून घ्यावें.

बादलींतील पाणी २७ अंशांचें आहे असें धरूं. ३७३ भाग हवा निवून ३०० भाग झाली. ७३ भागांची जागा पाण्यानें घेतली. अर्ध्या लिटरच्या चंबूंत ही जागा सुमारें ९८ घन सेंटिमीटर भरते. प्रत्यक्षांत पाणी याहून दहा-पंधरा घन सेंटिमीटर कमी शिरेल, कारण चंबूंत पाणी गेलें कीं त्याची थोडी वाफ हवेंत मिसळते आणि तीहि आपली जागा मागते. मुलांनीं ही तूट पाहावी, लिहावी, आणि तिचें कारण शोधावें.

पण श्रोतेहो, ३७३ पैकीं ७३ म्हणजे किती? एक पंचमांशाला किंचित् कमी. येथें मेणबत्ती नाहीं, ज्योत नाहीं, प्राणवायूचा एक कणहि खर्ची पडलेला नाहीं. आणि तरीहि चंबूचा जवळजवळ पांचवा हिस्सा पाण्यानें भरावा असा हिशेब निघतो. हवेंत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २१ आहे, म्हणजे तेंहि एक पंचमांशाच्या आसपास. हे दोन आंकडे एकमेकांजवळ आले हा निव्वळ योगायोग आहे. परंतु मेणबत्तीचा प्रयोग इतका काळ टिकून राहण्यास तो बराच कारणीभूत झाला असावा, असें मला वाटतें.

तो प्रयोग आपणांस ठाऊक आहे. थाळींत पाणी, मध्यें जळती मेणबत्ती, तिच्यावर पालथा पेला. ज्योत मंद होते, विझते, आणि पाणी पेल्यांत चढतें. सांगण्यांत येतें तें असें, कीं ज्योतीनें प्राणवायु खाल्ला व रिकाम्या झालेल्या जागेंत पाणी शिरलें. या साक्षीदाराला आपण चार प्रश्न विचारूं.

पहिला प्रश्न वेळेचा. प्राणवायु जळतांना खर्च होतो. मग मेणबत्ती जळत असतांना पाणी एकसारखें चढत जावयास हवें. पण लक्ष देऊन पाहिलें तर तें जळतेवेळीं फारसें चढत नाहीं. ज्योत विझतांच एकदम वर येतें. म्हणजे पाण्याचें चढणें हवेच्या निवण्याशीं बांधलेलें आहे.

दुसरा प्रश्न बुडबुड्यांचा. पेला खालीं टेकतांना त्याच्या कांठाखालून पुष्कळदां हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. ज्योतीभोंवतींची तापलेली हवा पेल्यांत मावत नाहीं, म्हणून ती निसटते. निसटलेली हवा परत येत नाहीं. मागें राहिलेली निवाली, कीं तिची जागा पाणी घेतें. पेल्यांतील हवा सरासरीनें उकळत्या पाण्याइतकी तापली असली, तर एवढ्यानेंच पाणी एक पंचमांशाच्या जवळपास चढेल, हें चंबूनें आपणांस सांगितलेंच आहे.

तिसरा प्रश्न संख्येचा. एका मेणबत्तीऐवजीं तीन मेणबत्त्या लावून पाहा. पाणी अधिक चढतें. पेला तोच, त्यांतील हवा तीच. मग प्राणवायु का वाढला? वाढली ती उष्णता.

चौथा प्रश्न जमाखर्चाचा. ज्योत विझते ती प्राणवायु संपला म्हणून, असें आपण धरून चालतों. वस्तुतः हवेंत प्राणवायु शेंकडा सोळाच्या आसपास उरला कीं मेणबत्तीला जळणें अशक्य होतें. शिवाय जो खर्च झाला त्याची परतफेडहि होते. मेण जळून पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड वायु तयार होतो. वाफ निवून पाणी होते हें खरें. परंतु तीन भाग प्राणवायु गेला तर त्याच्या जागीं सुमारें दोन भाग कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो, आणि तो पाण्यांत इतक्या त्वरेनें विरत नाहीं. म्हणजे ज्वलनामुळें होणारी खरी घट शेंकडा दोनपेक्षां अधिक भरणार नाहीं. उरलेलें सगळें पाणी हवेच्या आकुंचनाचें.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठीं इतका खटाटोप कशाला? प्राणवायु एक पंचमांश आहे हें तर खरेंच आहे ना? याचें उत्तर मीं पाहिलेल्या एका प्रसंगांत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं विद्यार्थ्यांचें विज्ञानप्रदर्शन भरलें होतें. सातवींतील एका मुलीनें हाच प्रयोग मांडला होता. तिनें एका पेल्याखालीं एक व तशाच दुसऱ्या पेल्याखालीं तीन मेणबत्त्या लावल्या. दुसऱ्यांत पाणी बरेंच अधिक चढलें, व तिनें दिसलें तसें वहींत लिहिलें. परीक्षक आले तेव्हां तिनें विचारलें, “सर, दोन्हीं पेल्यांत हवा सारखीच होती, मग प्राणवायु कमी-जास्त कसा?” परीक्षक म्हणाले, “तुझें मोजण्यांत चुकलें असेल. पुस्तकांत एक पंचमांश आहे, तें लिही.” त्या मुलीनें मुकाट्यानें खोडरबर घेतलें आणि आपला आंकडा पुसला. मी शेजारींच उभा होतों. परीक्षक पुढें गेल्यावर मीं तिला म्हटलें, “बाळ, पुसलेला आंकडा पुन्हां लिही, आणि त्यापुढें प्रश्नचिन्ह काढ. आज तुझ्या वहींत त्याहून मोलाचें दुसरें कांहीं नाहीं.”

श्रोतेहो, त्या क्षणीं पणाला लागलें होतें तें प्राणवायूचें प्रमाण नव्हे. डोळ्यांना दिसलेलें खरें मानावें कीं वडीलधाऱ्यांनीं सांगितलेलें, हा प्रश्न तेथें एका कोवळ्या मनापुढें उभा होता. उत्तर बरोबर आणि पुरावा खोटा, अशी संवय एकदां लागली, म्हणजे उद्यां उत्तरहि खोटें आलें तरी तें ओळखूं येत नाहीं.

अशी गल्लत थोरामोठ्यांकडूनहि झालेली आहे. फ्रान्समधील आनोने या गांवच्या मोंगोल्फिए बंधूंनीं १७८३ च्या जून महिन्यांत खालीं आग पेटवून एक मोठें विमान आकाशांत चढविलें, आणि त्याच वर्षीं २१ नोव्हेंबरला पॅरिसवरून दोन माणसें तशाच विमानांतून उडालीं. हें यश अपूर्व होतें. परंतु त्या बंधूंची समजूत अशी, कीं धुरामध्यें एक निराळा हलका वायु असतो व तोच विमानाला उचलतो. धूर भरपूर व्हावा म्हणून ते गवताबरोबर लोकरहि जाळीत. विमान उडालें म्हणून त्यांची समजूत खरी ठरली नाहीं. तापलेली हवा फुगते, तितक्याच जागेंत तिचें वजन कमी भरतें, आणि भोंवतालची जड गार हवा तिला वर ढकलते, इतकेंच त्यांतलें रहस्य.

त्याच वर्षीं हायड्रोजन भरलेलें विमान उडविणारे पॅरिसचे जाक शार्ल यांनीं पुढें १७८७ च्या सुमारास निरनिराळे वायु तापवून ते सारखेच वाढतात हें पाहिलें. पण तें छापून प्रसिद्ध केलें नाहीं. गे-ल्युसाक यांनीं १८०२ सालीं स्वतः काळजीपूर्वक मोजमाप करून हा नियम प्रसिद्ध केला, आणि शार्ल यांच्या अप्रकाशित कामाचा उल्लेख त्यांत आवर्जून केला. म्हणूनच आज तो नियम शार्ल यांच्या नांवें चालतो. मोजणें जितकें चोख, तितकीच दुसऱ्याच्या श्रमाची नोंदहि चोख. विज्ञानाची ही रीत मला फार आवडते.

मग हवेंतील प्राणवायु मुलांना दाखवावा तरी कसा? त्याला उष्णतेची लुडबूड नसलेला मार्ग आहे. एक परीक्षानळी आंतून ओली करून तींत तेलाचा अंश नसलेला लोखंडाचा कीस भुरभुरावा, म्हणजे तो कांचेला चिकटतो. नळी पाण्याच्या वाटींत उलटी उभी करावी व ती चार-सहा दिवस हलवूं नये. लोखंड गंजतें, गंजतांना प्राणवायु घेतें, आणि त्याच्या बदल्यांत कोणताहि वायु परत देत नाहीं. पाणी सावकाश चढून नळीच्या सुमारें एक पंचमांशावर थांबतें, आणि मग कितीहि दिवस ठेवलें तरी पुढें सरकत नाहीं. खूण मात्र रोज एकाच वेळीं करावी. नाहीं तर दुपारची ऊन हवा व पहाटेची गार हवा पातळी वर-खालीं करील, आणि आपलें पहिलें वाक्य आपणांस पुन्हां शिकवून जाईल!

शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती एवढीच, कीं मेणबत्तीचा प्रयोग टाकून देऊं नका. तो सोपा आहे, मुलांना आवडतो. फक्त त्याचें नांव बदला. हवा निवली म्हणजे किती आखडते हें दाखविणारा प्रयोग म्हणून तो करा. एक, दोन, तीन मेणबत्त्या लावूं द्या, आंकडे फळ्यावर मांडा, आणि ते एकमेकांशीं कां जुळत नाहींत हें मुलांनाच विचारा. आईबापांनाहि सांगणें आहे, कीं मुलानें घरीं येऊन पुस्तकाशीं न जुळणारें कांहीं सांगितलें, तर त्याला गप्प बसविण्यापूर्वीं पातेलें, बाटली आणि फुगा त्याच्या हातीं द्या. घड्याळांतलीं पंधरा मिनिटें खर्चून तें पुन्हां करून पाहा.