साठ दिवसांनंतर

(महिला संघटनांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला अमेरिकेतल्या अनुभवावर बोलायला सांगितलं आहे. माझं एम.एस.डब्ल्यू. मुंबईचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१७ ते २०२१ ही चार वर्षं मी टेनेसी राज्यात होते. तिथे गरोदर बायकांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत केसवर्कर म्हणून काम केलं. तिथल्या एका बाईविषयी सांगते. तिला मेरी म्हणू, खरं नाव सांगत नाही.

मेरी सव्वीस वर्षांची. हॉटेलात खोल्या साफ करायची. पाठदुखीवर डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या, त्यांची सवय लागली. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा ती हेरॉइनकडे वळली. आमच्याकडे आली तेव्हा पाचवा महिना होता. तिचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही पोलिसांना कळवणार का?" गरोदरपणी नशा केली आणि बाळाला त्रास झाला तर आईवर खटला भरायचा, असा कायदा टेनेसीत २०१४ साली झाला होता. २०१६ मध्ये त्याची मुदत संपली. बायकांच्या मनातली भीती मात्र संपली नव्हती. कित्येक जणी तपासणीलाच यायच्या नाहीत.

आता विम्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून निदान रांगेत तरी उभं राहता येतं. तिथे विमा नसेल तर उपचार म्हणजे रोख पैसे. गरिबांसाठी १९६५ पासून मेडिकेड नावाचा सरकारी विमा आहे. तो केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. अफूजन्य औषधांचं व्यसन जडलेल्या, पासष्टच्या आतल्या प्रौढांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक २०१७ साली याच विम्यावर होते. २०१४ पासून बहुतेक राज्यांनी तो सर्व गरीब प्रौढांना खुला केला. टेनेसीने केला नाही. तिथे नुसतं गरीब असून भागत नाही. गरोदर, अपंग, लहान मुलांची आई, असं काहीतरी असावं लागतं. गरोदर बाईसाठी उत्पन्नाची मर्यादा बरीच वरची असते. बाळंत झाली की साठ दिवसांनी ती मर्यादा एकदम खाली यायची. म्हणजे सरकारला बाळ हवं होतं, बाई साठ दिवसांपुरती!

मेरीला ब्युप्रेनॉर्फिन सुरू झालं. जिभेखाली ठेवायचं औषध आहे. नशा चढत नाही, अंग मोडून येत नाही, बाई कामावर जाऊ शकते. हे किंवा मेथाडोन नियमित घेणाऱ्यांच्या मरणाचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो. मेरी एकही तारीख चुकली नाही. बाळाला काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, मग दोघं घरी गेली. मी फाईलवर 'यशस्वी' लिहिलं आणि ती बंद केली.

तिचा विमा संपल्याचं पत्र कधी आलं, तिने ते वाचलं का, मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. हॉटेलातला पगार आईसाठीच्या मर्यादेच्या थोडा वर जात होता. काही आठवडे ती रोख पैसे घेणाऱ्या एका दवाखान्यात गेली, मग जाणं थांबलं. बाळ आठ महिन्यांचं असताना ती गेली. तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच बाईचा फॉर्म भरत होते.

पुढे मला मॅसॅच्युसेट्स राज्यातला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचायला मिळाला. व्यसन असलेल्या बाळंतिणींमध्ये ओव्हरडोसचं प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत कमी होतं, आणि बाळंतपणानंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात सर्वांत जास्त. सगळ्यांचं लक्ष पोटाकडे असतं तेव्हा बाई सुरक्षित, आणि आम्ही फाईल बंद केल्यावर धोक्यात. खंड पडला की शरीराची सहनशक्ती उतरते, मग पूर्वी सोसलेली मात्राही श्वास बंद करते. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अशा मरणाचा धोका इतर लोकांच्या मानाने १२९ पट होता.

त्याच वॉशिंग्टनमध्ये २००४ ते २००७ या काळात डॉक्टरी वेदनाशामकांनी मेलेल्यांत जवळजवळ निम्मे मेडिकेडवाले होते. त्यांचा धोका इतरांच्या पाचपटीहून जास्त. लोक लगेच म्हणतात, गरीबच व्यसनी! पण त्या मरणांपैकी बहुसंख्य मरणांत मेथाडोन होतं. व्यसन-उपचार केंद्रात समोर उभं करून दिलं जाणारं मेथाडोन जीव वाचवतं. दुखण्यावरची गोळी म्हणून घरी नेलं तर ते फसवं. दुखणं काही तासांत परत येतं, औषध मात्र अंगात साठत राहतं, आणि माणूस दुसरी गोळी घेतो. ही गोळी स्वस्त, म्हणून कित्येक राज्यांच्या मेडिकेड यादीत ती तेव्हा पसंतीची होती. नंतर गोळ्यांवर बंधनं आली, हेरॉइन आलं, २०१३ पासून फेंटानिल आलं. ते हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट जहाल, आणि बाजारात कशात मिसळलंय ते कळत नाही. धोका असा सारखा रूप बदलत गेला. शिव्या मात्र गरिबाला त्याच.

काही चांगलंही झालं, ते सांगितलंच पाहिजे. एप्रिल २०२२ पासून राज्यांना बाळंतिणीचा विमा बारा महिने चालू ठेवता येऊ लागला, आणि टेनेसीनेही तो तसा ठेवला. मेरी बाळंत झाली होती २०१८ मध्ये. नाकात फवारायचं नॅलोक्सोन, ज्याने थांबत आलेला श्वास परत येतो, ते २०२३ पासून चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं. त्या वर्षी लाखाच्या वर असलेले ओव्हरडोसचे मृत्यू २०२४ मध्ये सुमारे ८० हजारांवर आले.

पण २०२३ मध्येच कोविडकाळातली सवलत संपली, सगळ्यांची फेरतपासणी झाली आणि दोन कोटींहून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं. त्यातले बहुतेक अपात्र ठरले म्हणून गेले नाहीत. कागद वेळेवर पोचला नाही, पत्ता बदलला, असल्या कारणांनी गेले. २०२५ च्या कायद्याने विस्तार केलेल्या राज्यांत २०२७ पासून महिन्याला ऐंशी तास कामाची अट येते आहे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. व्यसनाच्या रुग्णांना कामाच्या अटीतून सूट आहे. पण आपण व्यसनाचे रुग्ण आहोत हे कागदावर कोण सिद्ध करून देणार? केवायसीसाठी अंगठा उमटेना म्हणून दिवसभर ताटकळलेल्या बायका इथे बसल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

इथे परत आल्यावर आमच्या केंद्रात मी एक नियम आग्रहाने लावला आहे. दारूड्या नवऱ्याची केस असो, बाळंतीण असो की मनोरुग्ण बाई, प्रकरण मिटलं म्हणून फाईल बंद करायची नाही, वर्षभर दर महिन्याला भेट द्यायची. आणि कुठल्याही योजनेचं कार्ड हातात आलं की त्याची मुदत कधी संपते ते पहिल्या पानावर लाल शाईने लिहायचं. कामाचा बोजा वाढला आहे, आमच्या कार्यकर्त्या कुरकुरतात, आणि प्रवासखर्चाला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यावर दुपारच्या गटचर्चेत बोलू.