पाणी मागे फिरतं तेव्हा

ठरावीक वेळेलाच पाणी येणाऱ्या गावात पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. नळाची नळी तेव्हा साबणाच्या बादलीत बुडालेली असेल, तर ते पाणी थेट पाइपात शिरतं. आणि तेच पुढे कुणाच्या तरी हंड्यात! हे रोखतो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पण त्याच्या झडपेखाली वाळूचा कण किंवा क्षाराचा पापुद्रा अडकला, की ती नीट मिटत नाही. पंपाच्या पाइपवर असा व्हॉल्व्ह असेल आणि पंप बंद केल्यावर टाकीतलं पाणी खाली परतत असेल, तर व्हॉल्व्ह गळतोय समजा. दोन्ही बाजूंचे कॉक बंद करून झाकण खोला, झडपेची बैठक ब्रशने घासा, कडक झालेलं रबर बदला. बसवताना व्हॉल्व्हवरचा बाण मात्र पाण्याच्या दिशेनेच हवा.