मैदानावरची धाकधूक

लंडनच्या क्रॉयडनमधलं सेल्हर्स्ट पार्क हे क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल क्लबचं मैदान. इथं गाजलेल्या एबेरेची एझेला आर्सेनलनं 13व्या वर्षी अकादमीतून घरी पाठवलं होतं. पोरगं खोलीत रडत बसलं. पुढे फुलहॅम, रेडिंग, मिलवॉल, सगळीकडे नकारघंटा! त्याच एझेनं 17 मे 2025 रोजी वेम्बलीत सामन्यातला एकमेव गोल मारून पॅलेसला पहिला एफए कप जिंकून दिला.

सगळ्यांचंच असं होत नाही. डच्चू मिळण्याची धास्ती घेतलेलं पोर चेंडू मागतच नाही. आला तर घाईनं पास देऊन मोकळं होतं. अकादमीतून वगळलेल्या तरुण खेळाडूंसाठी पॅलेसनं 2022मध्ये तीन वर्षांची आधार-योजना आणली, हे बरंच केलं.

पण आधार घरूनही हवा. आईबाबांनो, सामन्यानंतर गाडीत चुकांचा पाढा वाचू नका. आधी भूक लागली का, ते विचारा.