आधी ओळख, मग फवारणी
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



माळढोकासाठी आपल्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे. परंतु शेतीला रोज मदत करणारी पाखरे आणि कीटक आपल्या परसात व बांधावरच असतात. त्यांचे निरीक्षण करणे व छायाचित्र घेणे हा केवळ छंद नाही. त्यात आपल्या फवारणीचा खर्च गुंतलेला आहे.

रब्बी ज्वारीवर मावा पडून पाने चिकट झाली, की तेथेच काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी लहान अळी फिरू लागते. अनेकजण तिलाच कीड समजून औषध मारतात. वास्तविक ती ढालकिड्याची अळी असून मावा हेच तिचे खाद्य आहे. याउलट, २०१८ साली आपल्या देशात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मका व ज्वारीचे पोंगे कुरतडते. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी उलटी खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या वलयावर चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख होय.

या खुणा छायाचित्रात स्पष्ट दिसाव्यात, यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१) सकाळी, कीटक सुस्त असताना छायाचित्र घ्यावे.
२) पूर्ण झाड, पानाची खालची बाजू आणि प्रत्यक्ष कीटक अशी तीन छायाचित्रे घ्यावीत.
३) आकार कळण्यासाठी शेजारी नाणे ठेवावे.
४) पीक, तारीख व गट क्रमांक वहीत लिहावा.

ओळख पटली नाही, तर ही छायाचित्रे मोहोळच्या किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावीत.

आता पाखरांकडे वळू. हुरड्यातील ज्वारीची राखण करावीच लागते. मात्र हरभऱ्यातील कोतवाल व साळुंकी हाकलू नयेत; त्या घाटेअळ्या वेचतात. त्यांना बसण्यासाठी शेतात पक्षीथांबे उभारावेत, किंवा पेरणीच्या वेळी बियाण्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळावेत. मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या दिसू लागल्या, तरच फवारणीचा विचार करावा. सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा.

आठवड्यातून एकदा शाळकरी मुलांना सोबत घेऊन शेतात फेरी मारा. फवारणीचा पंप खांद्यावर घेण्यापूर्वी पान उलटून पाहा.